गिरवता गिरवता चित्रकार

रांगोळीचे ठिपके, गोधडीचा टाका, पुरणपोळी लाटायचा हात, यांतलं काहीच आपण वर्गात बसून शिकलो नाही. आईचं, सासूचं बघून तसंच करत गेलो. अशा शिकण्याला कुणी ‘नुसती नक्कल’ म्हटलं, की आम्ही फ्रान्सच्या रोझा बोनरची गोष्ट सांगतो.

रोझाचा जन्म १८२२ सालचा. वडील चित्रकलेचे शिक्षक, घरात पैशांची ओढाताण. तिला अक्षरं शिकायचा कंटाळा, म्हणून आई प्रत्येक अक्षराला एकेक जनावर काढायला लावायची. रोझा ११ वर्षांची असताना आई गेली. पुढे तिला शिवणकाम शिकायला ठेवलं, पण तिथे तिचं मन रमेना. शेवटी वडिलांनीच चित्रकला शिकवायला घेतली. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेश नव्हता. तो मिळाला थेट १८९७ साली!

मग मोठ्या चित्रकारांकडून शिकायचं कसं? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात परवानगी घेऊन जुन्या चित्रांसमोर बसून नक्कल करता येई. १४व्या वर्षापासून रोझा तिथे बसू लागली. लिओपोल्ड रॉबेरचं सुगीचं चित्र तिने उतरवलं. त्यात रेडे जुंपलेली गाडी आहे आणि भोवती शेतावरची बायामाणसं. गुरांची चित्रं काढणाऱ्या पाउलस पॉटरचंही काम तिने गिरवलं. नकला विकून घरात चार पैसे येत.

तैलरंगात नक्कल करायची तर आधी रेखाटन. जनावराचा खांदा माणसाच्या कुठवर येतो, ते मापायचं. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात सावल्या भरायच्या. त्यावर जास्त तेलाचा, दाट रंग. क्रम उलटा झाला, तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात. हात चुकला तरी बरोबर काय ते समोरच टांगलेलं असतं.

पण नकलेत कातडी दिसते, आतली हाडं नाहीत. म्हणून रोझा कत्तलखान्यात गेली, घोड्यांच्या बाजारात गेली. बाजारात बाई म्हणून त्रास नको म्हणून ती पुरुषी कपडे घाली. त्यासाठी पोलिसांचा परवाना लागे.

१८४९ साली तिने नांगरटीचं चित्र मांडलं. सहा-सहा बैलांच्या दोन रांगा जड माती उलथत चालल्या आहेत. सरकारने त्यासाठी ३,००० फ्रँक मोजले. मग आलं ‘घोडेबाजार’, पाच मीटरहून रुंद. ते आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. १८६५ साली फ्रान्सचा ‘लीजन ऑफ ऑनर’ हा मान तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली चित्रकर्ती.

वडिलांच्या मागे मुलींसाठीच्या मोफत चित्रकला शाळेची प्रमुखही तीच झाली. जे दार तिला बंद होतं, तसलं एक दार तिने दुसऱ्यांसाठी उघडं ठेवलं.

मैत्रिणींनो, घरातली पोर कॅलेंडरवरचा बैल गिरवत असेल, तर तिला थांबवू नका. गिरवून झालं की तिला गोठ्यात न्या आणि खरा बैल नीट बघायला लावा. रोझा तशीच शिकली.