ध्रुव तापतोय, मग टेक्सास का गोठलं?

१६ फेब्रुवारी २०२१ला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. १९४९नंतर तिथे एवढी थंडी पडली नव्हती. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये ४५ लाखांच्या आसपास घरं-दुकानांची वीज गेली, पाण्याचे पाइप फुटले आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. ‘जग तापतंय म्हणता, मग हे काय?’ हा जुना प्रश्न पुन्हा वर आला. मला त्याच्या उत्तराइतकाच त्याचा इतिहासही महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात १८९६मध्ये होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याची आकडेमोड स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियसने हाताने केली. विषुववृत्तापासून दूर जाताना परिणाम वाढतो, हे त्याला तेव्हाच दिसलं. आर्क्टिकमध्ये त्याचं एक कारण डोळ्यांना दिसतं. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की खालचं काळं पाणी तेच ऊन शोषून घेतं. १९७९पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. इथवर फारसा वाद नाही.

दुसरा धागा बर्लिनचा. १९५२च्या हिवाळ्यात रिचर्ड शेरहाग हवामानाचे फुगे आकाशात सोडत होता. खूप उंचावरची, स्ट्रॅटोस्फिअरमधली हवा काही दिवसांतच झपाट्याने तापल्याचं त्याला आढळलं. हिवाळ्यात ध्रुवाभोवती त्या उंचीवर थंड वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. तो घट्ट असला तर थंडी बहुधा उत्तरेतच कोंडून राहते. अशा तापण्याने तो विस्कटला, तर पुढच्या काही आठवड्यांत ती दक्षिणेकडे सांडू शकते.

हे दोन धागे जोडण्याचा गाजलेला प्रयत्न २०१२चा. जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन वाव्रस यांनी मांडलं की, जेट स्ट्रीम हा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वारा उत्तर आणि दक्षिणेतल्या तापमानाच्या फरकावर चालतो. ध्रुव तापला की फरक घटतो, वारा मंदावतो, नागमोडी होतो, आणि थंडी किंवा ऊन एकाच जागी रेंगाळतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवरचा समुद्री बर्फ आकसून सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. उपग्रहांच्या नोंदींतला तो नीचांक.

जानेवारी २०१४मध्ये अमेरिका गारठली आणि ‘पोलर व्हॉर्टेक्स’ बातम्यांत पोहोचला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सिनेटर जेम्स इनहॉफ सिनेटमध्ये बर्फाचा गोळा घेऊन आले. बाहेर थंडी आहे, मग तापमानवाढ कुठे, असा त्यांचा रोख होता. वॉशिंग्टनमधल्या एका थंड दिवसावरून त्यांनी अख्ख्या पृथ्वीबद्दल निष्कर्ष काढला.

पण दुसऱ्या टोकालाही घसरू नका. प्रत्येक थंडीच्या लाटेचं खापर वितळत्या बर्फावर फोडता येत नाही. २०२१मध्ये जुडाह कोहेन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये आर्क्टिकमधल्या बदलांचा संबंध भोवरा ताणला जाण्याशी आणि अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीशी जोडला. अनेक संगणकीय प्रारूपांत मात्र हा परिणाम क्षीण दिसतो. आयपीसीसीच्या त्याच वर्षीच्या अहवालानेही आर्क्टिकचा वाटा किती, याबद्दल कमी खात्री नोंदवली. वातावरण मुळातच लहरी आहे. त्याच्या नेहमीच्या चढउतारांतून हा धागा वेगळा काढणं अवघड जातं. शिवाय जग तापतंय तशा अशा लाटा एकंदरीत सौम्यच होत चालल्यात.

थंडी का आली, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. वीज का गेली, यावर भांडायला फारशी जागा नाही. फेब्रुवारी २०११मध्येही टेक्सासमध्ये थंडीने वीजकेंद्रं बंद पडली होती. यंत्रणा हिवाळ्यासाठी सज्ज करा, असं केंद्रीय चौकशी अहवालाने त्याच वर्षी सुचवलं. पण ते सक्तीचं झालं नाही. दहा वर्षांनी गॅसच्या वाहिन्या आणि वीजकेंद्रं पुन्हा गोठली. अख्खं ग्रिड कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंदांच्या अंतरावर होतं.