ब्रिजमधील अडथळा-बोली

ब्रिज या पत्त्यांच्या खेळातील आरंभीच्या बोलीचा एक प्रकार. हातात उच्च पत्ते थोडे, परंतु एकाच रंगाची सात किंवा अधिक पाने असताना, प्रतिपक्षाला आपसांत माहितीची देवघेव करण्यास अवकाश राहू नये, या हेतूने आरंभीच तीन किंवा त्याहून वरच्या पातळीवर केलेली बोली म्हणजे अडथळा-बोली होय. ‘प्री-एम्प्ट’ या नावानेही ती खेळाडूंत परिचित आहे. ती केव्हा करावी व केव्हा टाळावी, हा ब्रिजमधील जुन्या विवाद्य प्रश्नांपैकी एक आहे.

महाराष्ट्रात घरोघरी खेळल्या जाणाऱ्या मेंढीकोटाशी तुलना केल्यास या बोलीचे वेगळेपण स्पष्ट होते. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. पुढे याच मार्गावर ठाणे, डोंबिवली व कल्याण येथून मुंबईस रोज ये-जा करणारा मोठा नोकरदार वर्ग निर्माण झाला आणि समोरासमोरच्या बाकांवर बसून, गुडघ्यांवर ठेवलेल्या बॅगेवर पत्ते खेळणाऱ्यांचे अड्डे हे लोकलच्या डब्यातील नेहमीचे दृश्य झाले. मेंढीकोटातही चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू व हुकूम असतो. मात्र हुकूम बंद ठेवून अथवा ‘कट’ पद्धतीने ठरतो, त्यासाठी बोलींची चढाओढ नसते. ब्रिजमध्ये हुकूम व जिंकावयाच्या दस्तांची संख्या ही दोन्ही लिलावाने ठरतात. म्हणून पत्ते खेळण्यापूर्वीच डावाचे भवितव्य पुष्कळदा निश्चित होते. अडथळा-बोलीचे महत्त्व यातूनच उद्‌भवले.

ब्रिजचा उगम व्हिस्ट या इंग्रजी खेळात आहे. १८८६ मध्ये लंडन येथे ‘बिरिच अथवा रशियन व्हिस्ट’ या नावाची नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्शन ब्रिज हा लिलावाचा प्रकार रूढ झाला. भारतातील एका दूरच्या ठिकाणी नेमलेल्या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्यांनी चौथ्या भिडूच्या अभावी तो शोधून काढला, अशी आख्यायिका आहे. ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीपेक्षा अधिक जिंकलेले दस्तही गेम पूर्ण करण्यासाठी धरले जात. त्यामुळे उंच बोलीपर्यंत पोचण्याची निकड नसे. १९२५ मध्ये अमेरिकन खेळाडू हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ या जहाजावरील सफरीत नवी गुणपद्धती सिद्ध केली. तीत बोली केलेलेच दस्त गेमसाठी धरले जाऊ लागले आणि आधी गेम जिंकलेल्या पक्षाला ‘व्हल्नरेबल’ मानून त्याच्यासाठी बक्षीस व दंड दोन्ही वाढविण्यात आले. या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये भिडूंना परस्परांच्या हातांचा नेमका अंदाज घेत चढत जावे लागते. साहजिकच या संवादात अडथळा आणण्याचे मोलही वाढले.

लिलावात १ किलवरपासून ७ बिनहुकुमापर्यंत एकूण ३५ बोली आहेत. कोणी आरंभीच ३ इस्पिक अशी बोली केली, की खालच्या १३ बोली एकदम निरुपयोगी होतात; पुढील खेळाडूंना उरलेल्या २१ बोलींतूनच मार्ग काढावा लागतो. एका खेळाडूला मिळू शकणाऱ्या १३ पत्त्यांचे सुमारे ६३,५०१ कोटी भिन्न संच संभवतात. त्यांपैकी सात किंवा अधिक पाने एकाच रंगाची असलेले संच सुमारे ४ टक्के आहेत. म्हणजे हा निर्णय साधारणतः पंचवीस डावांतून एकदा घ्यावा लागतो.

निर्णयाचा पाया दंडाच्या हिशेबात आहे. समजा, हातात इस्पिकचा राजा, राणी, गुलाम, दहा, आठ, पाच व तीन आणि इतर तीन रंगांची सहा किरकोळ पाने आहेत. हुकूम इस्पिक असल्यास या हाताचे सहा दस्त जवळजवळ निश्चित असतात. ३ इस्पिकसाठी नऊ लागतात. भिडूकडून काहीच साहाय्य न मिळता तीन दस्त कमी पडले व प्रतिपक्षाने बोली दुप्पट केली, तर व्हल्नरेबल नसताना ५०० गुणांचा दंड होतो. प्रतिपक्ष व्हल्नरेबल असून त्याचा ४ बदामचा गेम होणार असेल, तर त्याला ६२० गुण मिळाले असते. तेव्हा ५०० चा दंड परवडतो. तोही व्हल्नरेबल नसेल, तर गेमचे ४२० गुणच असल्याने ८० गुणांचा तोटा होतो. स्वतः व्हल्नरेबल असताना मात्र हाच दंड ८०० होतो आणि तीच बोली आत्मघातकी ठरते. ईली कल्बर्टसन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ‘दोन-तीनचा नियम’ याच हिशेबावर आधारलेला आहे: व्हल्नरेबल असताना हातातील निश्चित दस्तांपेक्षा दोन व नसताना तीन अधिक दस्तांची बोली करावी. १९८७ च्या नियमांत व्हल्नरेबल नसलेल्या पक्षाचा चौथ्या कमी दस्तापर्यंतचा दुप्पट दंड ७०० वरून ८०० करण्यात आला व अतिसाहसाला आळा बसला.

खेळाडूच्या क्रमालाही महत्त्व असते. पहिल्या क्रमावर अद्याप न बोललेल्या तिघांपैकी दोघे प्रतिपक्षी असतात. म्हणून अडथळा बहुधा त्यांनाच होतो. दुसऱ्या क्रमावर एक प्रतिपक्षी पास झालेला असल्याने बलवान हात भिडूकडे असण्याची शक्यता वाढते व अधिक संयम आवश्यक ठरतो. तिसऱ्या क्रमावर भिडूच पास झालेला असल्याने सर्वाधिक मोकळीक मिळते. चौथ्या क्रमावर सर्व जण पास झालेले असतात; तेथे दुबळ्या हाताने बोली करण्यापेक्षा डाव सोडून देणेच श्रेयस्कर. शिवाय बाजूच्या रंगांत एक्के असल्यास किंवा दुसऱ्या उच्च रंगाची चार पाने असल्यास अनेक जाणकार ही बोली टाळतात. कारण तिने अडथळा प्रतिपक्षाऐवजी स्वतःच्याच भिडूला होतो.

महाराष्ट्रात या खेळाला कायद्याचाही संदर्भ आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. रमीसंबंधीच्या एका खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला व त्यातील दैवाचा भाग ब्रिजमधील वाटणीसारखाच असल्याचे म्हटले. तथापि पैजेच्या खेळातून चालक नफा मिळवीत असल्यास गुन्हा होऊ शकतो, हेही नमूद केले. अडथळा-बोली हे या भेदाचे उत्तम उदाहरण होय. पत्ते दैवाने येतात. पण कोणता धोका किती गुणांना पत्करावा, हे खेळाडूच ठरवितो. एका डावात फसलेली बोली म्हणून चुकीची ठरत नाही; दीर्घकाळात ती फलदायी असते की नाही, हीच तिची कसोटी.

२०१८ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या बंगाली जोडीने त्यात सुवर्णपदक मिळविले. मुंबईचे जग्गी शिवदासानी यांचा समावेश असलेल्या पुरुष संघाने तेथे कांस्यपदक व २०२३ मध्ये हांगजो येथे रौप्यपदक जिंकले.