गोव्याची कोंडी आणि सांगलीचा कैदी

गेल्या काही वर्षांत 'आर्थिक निर्बंध' हा शब्द तुमच्या फोनवर इतक्यांदा येऊन गेलाय की आता त्याकडे लक्षही जात नाही. रशियावर निर्बंध, इराणवर निर्बंध, म्यानमारच्या लष्करावर निर्बंध. बातमी वाचून असं वाटतं की हा सगळा अमेरिका-युरोपचा खेळ, त्यात आपला काय संबंध? तर संबंध आहे. आपल्या देशाने स्वतः एका हुकूमशहावर हे हत्यार चालवलं होतं, आणि तेही आपल्या शेजारी, गोव्यात. साधारण सहा-सात वर्षं. आणि त्या गोष्टीतला एक माणूस सांगलीचा होता.

सुरुवात रेल्वेपासून करू. सातारा-सांगलीकडच्या मंडळींना गोवा एक्सप्रेस माहीत असेल. निजामुद्दीनहून निघते, पुणे, सातारा, सांगली, मिरज, बेळगाव, लोंढा करत कॅसलरॉकला घाट उतरते आणि दूधसागर ओलांडून वास्कोला पोहोचते. ही लाइन आजची नाही. कॅसलरॉक ते मुरगाव बंदर हा टप्पा १८८८ साली सुरू झाला. म्हणजे ब्रिटिशांच्या हद्दीतून निघालेली मीटरगेज गाडी पोर्तुगिजांच्या हद्दीत शिरायची, आणि दख्खनचा माल मुरगावच्या धक्क्यावर जायचा. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला गोवा परका वाटण्याचं कारणच नव्हतं. देवदर्शनाला लोक जायचे, सोयरिकी व्हायच्या, नाटकं जायची.

१९४७ ला इंग्रज गेले. पोर्तुगीज मात्र हलेनात. तिथे लिस्बनमध्ये सालाझार नावाचा माणूस बसला होता. अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९३२ पासून पंतप्रधान, आणि पक्का हुकूमशहा. त्याच्या राज्यात पोर्तुगालमधल्या लोकांनाही मोकळं बोलता येत नव्हतं, तर गोव्याची काय कथा? सभा घ्यायची तर परवानगी. वर्तमानपत्र छापायचं तर आधी सेन्सॉर. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावी लागायची. (आज आपण लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर दोनशे जणांना एका टचमध्ये पाठवतो, तेव्हा जरा विचार करा.) १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेतली, ती आधी या नागरी हक्कांसाठीच होती. 'चले जाव' नंतरची गोष्ट, आधी 'बोलू द्या' एवढंच मागणं होतं.

१९५१ मध्ये सालाझारने एक चलाखी केली. घटनाच बदलली आणि सांगितलं की गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचा 'सागरापलीकडचा प्रांत' आहे. म्हणजे वाटाघाटींचा विषयच संपला. स्वतःच्या देशाचा तुकडा कोण कोणाला देतो? भारताने लिस्बनमध्ये वकिलात उघडली होती, ती जून १९५३ मध्ये बंद केली.

मग नेहरूंकडे काय उरलं? सैन्य पाठवायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं. जगाला शांततेच्या गोष्टी सांगणारा माणूस एका चिमुकल्या प्रदेशावर रणगाडे घालणार कसा? शिवाय पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सभासद. तेव्हा उरला व्यापार. १९५४ पासून एकेक बंधन येत गेलं. जाण्या-येण्यावर परवाने, मालावर बंदी, पैसे पाठवण्यावर बंदी.

यातलं पैशाचं बंधन सगळ्यात लागणारं होतं, ते नीट समजून घेऊ. गोव्याची लोकसंख्या तेव्हा सहा लाखांच्या आत-बाहेर. आणि मुंबईत पोटासाठी आलेले गोवेकर लाखाच्या घरात. बोटींवर खलाशी, हॉटेलात आचारी, बँडमध्ये वाजवणारे, घरकामाला आलेल्या बाया. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामाईक खोल्यांमध्ये राहायचे आणि महिन्याला मनीऑर्डर करायचे. त्या मनीऑर्डरवर गोव्यातली हजारो घरं चालायची. ती थांबवली तर चूल कोणाची थंड होणार? सालाझारची नक्कीच नाही.

आता १९५५. पुण्यात गोवा विमोचन सहाय्यक समिती उभी राहिली होती. केशवराव जेधे, जयंतराव टिळक वगैरे मंडळी त्यात. १८ मे ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी हद्द ओलांडून गेली. मग तुकड्यांमागून तुकड्या. क्रांतिसिंह नाना पाटीलही या लढ्यात उतरले. गोरे, मधु लिमये यांना मारहाण झाली, दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या. (सुटले ते १९५७ मध्ये.) १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र लोक एकाच दिवशी चहूबाजूंनी आत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. वीसहून जास्त माणसं गेली.

देशभर आगडोंब उसळला. लोकांना वाटलं आता तरी सैन्य जाणार. नेहरूंनी उलटं केलं: सामुदायिक सत्याग्रहच थांबवला आणि कोंडी पक्की केली. रेल्वे तुटली. गोव्यातली भारतीय कचेरी बंद. मुंबईच्या गोदी कामगारांनी पोर्तुगिजांच्या मालाला हात लावायचं नाकारलं. आपल्या मिरजेवरून जाणारी लाइन कॅसलरॉकपाशी येऊन संपू लागली.

इथे मला आपल्याच भागातली बारा वर्षं आधीची एक गोष्ट आठवते, आणि गंमत म्हणजे तीही याच रेल्वेलाइनवरची आहे. ७ जून १९४३. कऱ्हाडच्या पुढे शेणोली. प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या पोरांनी रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार घेऊन जाणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कुंडलची मंडळी. एकोणीस हजारांवर रुपये हाती लागले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये धुळ्याचा सरकारी खजिना. तुम्ही म्हणाल, लूट आणि निर्बंध यांची तुलना कशी? पद्धत वेगळी आहे, मान्य. पण नेम बघा. प्रतिसरकारने सरकारचा पैसा अडवला. शेणोलीच्या शेतकऱ्याचं मीठ-मिरची अडवलं नाही. गोव्याच्या कोंडीत नेमकं उलटं झालं. अडवलं गेलं ते तांदूळ, बटाटा, कांदा, कापड आणि आईला पाठवलेली मनीऑर्डर. आजकाल निर्बंधांच्या बाबतीत तज्ज्ञ म्हणतात की सत्ताधाऱ्यांची खाती गोठवा, सामान्यांचं अन्न नको. ही अक्कल कुंडलच्या पोरांना १९४३ मध्ये होती, असं मी म्हणेन. थोडी अतिशयोक्ती असेल, असू दे.

बरं, कोंडीने गोवा वाकला का?

नाही. आणि का नाही याचं उत्तर नकाशात आहे. भारताने याआधी एक कोंडी केली होती, हैदराबादची, १९४८ मध्ये. निजामाचं राज्य चारही बाजूंनी भारताने वेढलेलं. माल अडवला की अडला. निजामाचं सरकार त्या वर्षी ऑगस्टमध्ये थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार घेऊन गेलं, इतका चाप बसला होता. (तरी शेवट पोलीस ॲक्शननेच झाला, हे विसरू नका.) निजामाला समुद्र नव्हता. गोव्याला आहे. आणि मुरगावसारखं उत्तम बंदर आहे.

मग काय झालं? बटाटे हॉलंडहून आले. चहा सिलोनहून. सिमेंट जपानहून. तांदूळ पाकिस्तानातून. दाबोळीला १९५५ मध्ये विमानतळ उभा राहिला आणि पोर्तुगिजांनी स्वतःची विमान कंपनी काढली, ती कराचीला उडायला लागली. आज तुम्ही गोव्याला सुट्टीला जाताना ज्या दाबोळीला उतरता, तो विमानतळ आपल्या नाकेबंदीमुळे बांधला गेला! १९५९ मध्ये गोव्यातला रुपयाही गेला आणि एस्कुदो आला. म्हणजे ज्या धाग्यांनी गोवा आपल्याशी बांधलेला होता ते धागे आपणच एकेक करून कापले, आणि सालाझारने त्या जागी दुसरे बांधले.

आणि पैसा? तो तर जमिनीखाली होता. गोव्याचं लोहखनिज. युद्धात बेचिराख झालेल्या जपानला आणि पश्चिम जर्मनीला पोलाद करायला खनिज हवं होतं. जपानने त्यासाठी यंत्रं आणि भांडवल पुरवलं. पन्नाशीच्या सुरुवातीला काही लाख टन निर्यात होती, ती १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या आसपास गेली. खाणवाले मालामाल झाले. शिवाय बाहेरचा माल बिनधास्त यायला लागल्यावर गोवा स्वस्ताईचं बेट बनला: सोनं, घड्याळं, नायलॉन, दारू. आणि ती सगळी रात्री रानवाटांनी सावंतवाडी, कारवार, बेळगावकडे. नाकेबंदी केली आपण आणि चोरट्या मालाचं गिऱ्हाईकही आपणच.

दोष नुसता नेहरूंना देऊन चालणार नाही. कोंडी एकट्याने करून उपयोग नसतो. भारताने जुलै १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी व्यापार बंद केला. असं करणारा जगातला पहिला देश आपला. आपल्या निर्यातीचा पाच टक्क्यांहून जास्त भाग तिकडे जात होता, तोटा सोसून बंद केला. चाळीस वर्षं काही हललं नाही. १९८० च्या दशकात अमेरिका-युरोपच्या बँका आणि कंपन्या बाहेर पडायला लागल्या तेव्हा तिथल्या गोऱ्या सरकारला घाम फुटला. आणि तेव्हाही देशाच्या आत मंडेलांचे लोक रस्त्यावर होते म्हणून. गोव्याच्या वेळी बाकी कोणीच आपल्या बाजूने उभं नव्हतं. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, डलेस यांनी, पोर्तुगालबरोबरच्या संयुक्त पत्रकात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज 'प्रांत' असा होऊ दिला. झालं, सालाझारच्या बोलण्यावर शिक्काच.

कोंडीचा काहीच परिणाम झाला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. लिस्बनला गोवा सांभाळणं महाग पडायला लागलं. आणि १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्य आत शिरलं तेव्हा जगाला सांगायला एक मुद्दा होता: बोलून पाहिलं, सत्याग्रह केला, व्यापार थांबवला, आता दुसरा मार्ग नाही. अमेरिका-ब्रिटनने सुरक्षा परिषदेत ठराव आणला, रशियाने नकाराधिकार वापरला. सुमारे छत्तीस तासांत सगळं आटोपलं. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी तो मोडून १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. सालाझारने पुढे त्यांना लष्करातून बडतर्फ केलं. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेव्हा कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण होते, आणि दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव 'सांगली' होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

आता त्या सांगलीच्या माणसाकडे येऊ.

मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे, जन्म सांगलीचा. १९५० च्या सुमारास नाव बदलून गोव्यात गेले, मराठीचे शिक्षक म्हणून. शिकवता शिकवता आझाद गोमंतक दलात. हा सत्याग्रहाचा मार्ग नव्हता, हा हत्याराचा मार्ग होता. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली सोडवणाऱ्यांत होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षं. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्याच्या तुरुंगात. बरीच वर्षं एकांतकोठडी.

गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. पणजीवर तिरंगा लागला तेव्हा ते सालाझारच्या कोठडीत होते. आपल्या ताब्यात तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक होते, त्यांना १९६२ च्या मे पर्यंत परत पाठवलं. त्यांच्या बदल्यात हा एक माणूस मागून घ्यायला हवा होता, असं माझं मत आहे. त्याआधी सहा-सात वर्षं बटाटे अडवून सालाझारवर दबाव टाकत होतो, आणि ज्या दिवशी त्याला खरंच हवी असलेली गोष्ट आपल्या हातात होती तेव्हा आपण ती तशीच सोडून दिली.

मग हालचाल केली ती लोकांनी. सुधीर फडके, हो, आपले गीतरामायणवाले बाबूजी, जे स्वतः दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात होते, त्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी समिती चालवली. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांना भेटले आणि स्वतःसाठी काही न मागता या माणसाची सुटका मागितली. सांगलीच्या माणसासाठी, एका मद्रासी नेत्याने, रोममध्ये शब्द टाकला. त्याच वर्षी सालाझार आजारी पडून खुर्चीवरून गेला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ३ फेब्रुवारीला अण्णादुराई वारले.

पोर्तुगालमधली हुकूमशाही पडली ती २५ एप्रिल १९७४ ला. तीही कुणाच्या निर्बंधांनी नव्हे; अंगोला, मोझांबिक, गिनीच्या जंगलात वर्षानुवर्षं लढून कंटाळलेल्या त्यांच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी पाडली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल फुलं खोचली. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ ला भारताशी करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. मोहन रानड्यांना सुटून तेव्हा सहा वर्षं होत आली होती. २०१९ च्या जूनमध्ये ते पुण्यात गेले.