कॅन्सल ऑन डिस्कनेक्ट
कूटचलनाच्या बाजारात एपीआयद्वारे व्यवहार करणाऱ्या खातेदाराचा संपर्क अकस्मात तुटल्यास, त्याच्या नावे रुजू असलेल्या परंतु अद्याप पुऱ्या न झालेल्या ऑर्डरी बाजाराने आपण होऊन रद्द कराव्यात, अशी तजवीज. पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी बसून जो हा उद्योग करील, त्याची वीज गेली म्हणून दूरदेशीचे भाव थांबत नाहीत, आणि शिळ्या भावाची ऑर्डर तेथे तशीच उभी राहिल्यास नुकसान सर्वस्वी त्याच्याच पदरी पडते.

ही तजवीज चालू असल्याचे गृहीत न धरता विचारून घेणे इष्ट. डेरिबिट या बाजारात ‘प्रायव्हेट/गेट_कॅन्सल_ऑन_डिस्कनेक्ट’ अशी पृच्छा केली असता या तजविजीची व्याप्ती आणि ती चालू आहे की बंद, या दोन बाबी उत्तरात मिळतात. मात्र ‘कनेक्शन’ ही व्याप्ती केवळ वेबसॉकेटवर लागू असल्याने, साध्या एचटीटीपीवरून विचारणाऱ्यास ‘अकाउंट’ असे स्पष्ट नमूद करणे भाग पडते. रीतसर लॉगआउट केल्यास ऑर्डरी रद्द होत नाहीत, हे कलम तर आवर्जून ध्यानी ठेवण्याजोगे. बिटमेक्स या दुसऱ्या बाजाराची रीत निराळी : तेथे खातेदाराने, उदाहरणार्थ, 60 सेकंदांची मुदत घालून ती दर 15 सेकंदांनी वाढवीत राहावयाची, आणि मुदत टळताच सर्व ऑर्डरी बरखास्त.

बाजाराचेच दुवे निखळल्यास खातेदाराकडील ही खबरदारी अपुरी पडते. उदाहरणार्थ, मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंज या शेअरबाजारात 24 फेब्रुवारी 2021 रोजी दूरसंचार-दुव्यांतील बिघाडामुळे सकाळी 11.40 पासून खोळंबलेले व्यवहार दुपारी 3.45 ला पूर्ववत झाले.