सरदार पणिक्कर आणि पेकिंगचा निरोप

सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना एक गोष्ट फार लवकर उमगते. टिपणातील मजकूर खरा की खोटा, याच्या आधी वरिष्ठांची दृष्टी त्याखालच्या सहीकडे जाते. आम्ही हे रोज पाहतो, थोडी कुरकुर करतो आणि संध्याकाळी घरी जातो. परंतु हाच प्रकार एकदा एका भारतीय राजदूताच्या बाबतीत घडला आणि त्याची किंमत कोरियाच्या रणभूमीवर हजारो सैनिकांनी मोजली. ते राजदूत म्हणजे सरदार कावालम माधव पणिक्कर.

२ ऑक्टोबर १९५०ची रात्र. पेकिंगमध्ये पणिक्कर निजलेले असताना मध्यरात्री चिनी परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी त्यांच्या निवासस्थानी आला. पंतप्रधान चौ एन लाय यांनी त्यांना तत्काळ बोलावले होते. साडेबाराच्या सुमारास भेट झाली. चौ यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : दक्षिण कोरियाचे सैन्य अडतिसावी अक्षांशरेषा ओलांडून उत्तरेत शिरले तर तो वेगळा प्रश्न, पण अमेरिकन सैन्य ती रेषा ओलांडील तर चीन स्वस्थ बसणार नाही, युद्धात उतरेल. पणिक्करांनी हा निरोप रातोरात दिल्लीस तारेने कळविला. दिल्लीहून तो लंडन व वॉशिंग्टन येथे गेला.

वॉशिंग्टनमध्ये त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पणिक्कर हे कम्युनिस्टांचे हितचिंतक, त्यांच्या तोंडून आलेली धमकी म्हणजे संयुक्त राष्ट्रांतील मतदानावर दडपण आणण्याचा डाव, असा तेथे समज झाला. अध्यक्ष ट्रूमन यांनी पुढे आपल्या आठवणींत हे कारण उघडपणे नमूदही केले आहे. आठवड्याच्या आत अमेरिकन सैन्य रेषेपलीकडे गेले. १९ ऑक्टोबरला चिनी फौजा यालू नदी उतरू लागल्या आणि संपत आलेले वाटणारे युद्ध जुलै १९५३पर्यंत लांबले.

हा 'कम्युनिस्टांचा हितचिंतक' आला कोठून, हे पाहू गेल्यास मोठी गंमत वाटते. १८९५ साली त्रावणकोर संस्थानातील कावालम या गावी जन्मलेले पणिक्कर ऑक्सफर्डला इतिहास शिकले, अलीगढला अध्यापक झाले आणि १९२४ साली 'हिंदुस्थान टाइम्स'चे संपादक झाले. यानंतरची त्यांची उमेदीची वर्षे मात्र संस्थानिकांच्या सेवेत गेली : काश्मीर, पतियाळा आणि शेवटी बिकानेर, जेथे ते दिवाणपदापर्यंत पोचले. गोलमेज परिषदेत ते संस्थानिकांच्या बाजूने वावरले; बिकानेरच्या महाराजांचे चरित्रही त्यांनी लिहिले. अशा मनुष्यावर लाल रंगाचा शिक्का बसावा हे नवलच! तथापि संस्थानिकांची चाकरी करतानाही त्यांना वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे कळत होते. १९४७च्या एप्रिलमध्ये बहुतेक संस्थानिक काठावर बसून पाहत असताना बिकानेर व बडोदे यांसारख्या मोजक्या संस्थानांनी घटना समितीत प्रतिनिधी धाडले. बिकानेरचे प्रतिनिधी होते पणिक्कर.

या सगळ्या काळात त्यांचे मल्याळम लेखन चालूच होते, आणि आमच्यासारख्या परप्रांतस्थांना त्यांच्या चरित्रातील हाच भाग अधिक जवळचा वाटतो. ज्या 'केरळसिंहम्' कादंबरीने त्यांना केरळात घरोघर नेले, ती १९४१ साली निघाली तेव्हा ते बिकानेरच्या मरुभूमीत नोकरीस होते. तिचा नायक पळश्शी राजा. कंपनी सरकारशी वायनाडच्या रानांतून झुंजलेला वीर. त्याच्या पाठलागावर नेमलेला आर्थर वेलस्ली हा पुढे असईच्या लढाईमुळे आपल्याकडे परिचित झालेला तोच वेलस्ली. दिवसा साहेबांशी सलोख्याचा पत्रव्यवहार करावयाचा आणि रात्री साहेबांच्या वैऱ्याची कथा मायबोलीत रंगवावयाची, ही कसरत त्यांना साधली. बदलीच्या गावी मराठीचा एक अंक काढताना आमची जी दमछाक होते ती आठवून आम्हांला त्यांचा हेवा वाटतो.

इतिहासकार पणिक्करांचा मोठा ग्रंथ म्हणजे 'एशिया अँड वेस्टर्न डॉमिनन्स'. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तेथपासून १९४५पर्यंतचा काळ हे आशियाच्या इतिहासातील एकच सलग युग होय, समुद्रावर सत्ता असणाऱ्यांनी खंडावर गाजविलेल्या हुकमतीचे युग, असा त्याचा सिद्धान्त आहे. आमच्या मते पेकिंगमधील पणिक्करांची किल्ली येथे सापडते. माओच्या क्रांतीत त्यांना साम्यवाद कमी आणि त्या युगाचा अंत अधिक दिसला. १९४८पासून नानकिंगमध्ये त्यांनी चँग कै-शेकच्या राजवटीची अखेर डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून चौ एन लाय यांचे बोल पोकळ नाहीत हे त्यांनी अचूक ओळखले.

पण त्याच किल्लीने दुसरे कुलूप उघडेना. त्याच १९५०च्या ऑक्टोबरात चिनी फौजा पूर्व तिबेटात शिरल्या. चीनचा हेतू शांततेचा आहे असा विश्वास पणिक्करांनी दिल्लीस दिला होता. ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी नेहरूंना पाठविलेल्या सुप्रसिद्ध पत्रात, आपला राजदूत चीनच्या कृत्यांचे समर्थन शोधण्याची फार खटपट करतो, अशी नाराजी आहे. पुढे १९५२ साली, सीमेचा प्रश्न आपण होऊन उकरून काढू नये हा पणिक्करांचा सल्लाही मान्य झाला. गिरिजाशंकर बाजपेयींसारख्या अनुभवी अधिकाऱ्याचे मत वेगळे होते. ते बाजूस पडले. १९६२ साली त्याचे काय झाले हे वाचकांस सांगावयास नको. एकाच महिन्यात या मनुष्याची खरी वार्ता वॉशिंग्टनने नाकारली आणि चुकीचा अंदाज दिल्लीने स्वीकारला! सगळा दोष राजदूताच्या माथी मारणे मात्र आम्हांस पटत नाही. निर्णय नेहरूंचे होते, आणि तिबेटात सैन्य धाडण्याचे बळ तेव्हा भारतापाशी नव्हते.

चीननंतर ईजिप्त, आणि १९५३च्या डिसेंबरात राज्य पुनर्रचना आयोग. न्या. फाझल अली अध्यक्ष, पं. हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर सदस्य. आयोगाकडे आलेल्या कागदांची संख्या १,५२,२५०! आयोगाने नऊ हजारांहून अधिक माणसांच्या मुलाखती घेतल्या. ते सारे कागद ज्या कारकुनांनी नोंदविले असतील त्यांची नावे इतिहासात नाहीत, एवढे येथे म्हणून ठेवतो. ३० सप्टेंबर १९५५ रोजी सादर झालेल्या अहवालाने मलबारसह केरळ राज्याची शिफारस केली. कर्नाटकासही स्वतंत्र राज्य सुचविले. मराठी माणसाच्या वाट्यास मात्र गुजरातीसह द्विभाषिक मुंबई राज्य व त्याबाहेर वेगळा विदर्भ आला. वाळवंटात बसून मल्याळम कादंबरी लिहिणाऱ्याला मराठीची ही तळमळ कळू नये, याचे वैषम्य अजून वाटते. उत्तर प्रदेश अवाढव्य आहे, तो विभागावा, अशी वेगळी पत्रिका जोडण्याइतके स्वतंत्र धैर्य त्यांच्यापाशी होते. मुंबईविषयी तसे वेगळे मत त्यांनी नोंदविले नाही. त्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्यांनी शंभराहून अधिक माणसे पडली.

फ्रान्समधील राजदूतपद आटोपून पणिक्कर १९५९ साली राज्यसभेवर नामनियुक्त झाले. योगायोग असा की १९६० साली मुंबई राज्याच्या विभाजनाचे विधेयक ज्या संसदेत मंजूर झाले तिचे ते त्या वेळी सदस्य होते. १९६१मध्ये सभागृह सोडून ते काश्मीरात कुलगुरू म्हणून गेले. तेथून म्हैसूर विद्यापीठात आले आणि त्याच पदावर असताना १० डिसेंबर १९६३ रोजी निवर्तले. इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व असूनही आत्मचरित्र त्यांनी मल्याळममध्ये लिहिले. ज्या दिल्लीने त्यांना जगभर धाडले तिला ते इंग्रजीत वाचण्यासाठी १९७७पर्यंत वाट पाहावी लागली.