दहा टनी ट्रक आणि छोटा हत्ती

डिचोली आणि पेडणे हे उत्तर गोव्यातले सख्खे शेजारी. दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले, म्हणून दोन्हींची गणती ‘नव्या काबिजादी’त होते. देवळे, जत्रा, भजने, मराठी नाटके यांत डावे-उजवे करायला फारशी जागा नाही. गाड्यांच्या बाबतीत मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डिचोलीत घरासमोर दहा टनी टिपर उभा असणे ही सुबत्तेची खूण झाली, तर पेडण्यात घरचा पोरगा कमावता झाला की दारात पिकअप किंवा ‘छोटा हत्ती’ येऊ लागला. एकाने मोठी गाडी घेतली आणि दुसऱ्याने लहान, यात हौसेचा भाग थोडाच होता. मालाने आणि रस्त्याने ती निवड आधीच करून ठेवली होती.

मोटार येण्याआधी या भागात वाहतूक म्हणजे बैल आणि पाणी. घाटमाथ्यावरून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून उतरत आणि परतताना मीठ नेत. पेडण्यात आगरवाड्याची मिठागरे आजही आहेत. साखळी-डिचोलीचा माल नदीवाटे मांडवीत उतरे. दशावतारी मंडळींचा पेटारा तर माणसाच्याच डोक्यावरून गावोगाव फिरे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यातूनच रूढ झाली. एका माणसाला किंवा एका बैलाला पेलेल एवढाच बोजा एका वेळी हलायचा.

ते माप मोडले ते लोखंडाने.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या खनिजाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि पन्नाशीच्या दशकात जपान हा मोठा खरेदीदार ठरला. शिरगाव, डिचोली, पाळी, साखळी हा सगळा टापू खाणपट्टा झाला. सुरुवातीला खनिज फोडणे आणि पाटीने वाहणे हे मजुरांचे, त्यातही बायकांचे काम होते. पुढे यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर ट्रक. खाण ते नदीकाठची जेटी हे अंतर थोडक्या किलोमीटरांचे. सारमानस, सुर्ला, आमोणे अशा ठिकाणी ट्रक हौदा उचलून खनिज ओततो, तिथून बार्ज मांडवीने मुरगाव बंदराकडे जाते आणि मोठे जहाज ते परदेशी नेते. या साखळीत ट्रकाच्या वाट्याला आलेला टप्पा सर्वांत आखूड, पण गावाच्या मधोमध जाणारा.

इथे हौदा बघायला हवा. सुटे खनिज घनमीटरला अडीच टनांच्या आसपास भरते, म्हणजे दहा टन माल जेमतेम चार घनमीटर जागेत मावतो. कायद्याच्या वजनाचा ट्रक त्यामुळे वरून रिकामा वाटतो. हौद्यात काठापर्यंत जागा शिल्लक आणि भाडे टनावर! ताडपत्रीच्या कडेने लाल ढेकळे रस्त्यावर सांडत जाणारे ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जादा भराईचे कारण समजावून सांगावे लागत नाही. शिवाय दिवसाच्या खेपा जितक्या जास्त तितकी कमाई जास्त, म्हणून ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर. धुळीने माखलेली माडांची झावळे, शाळेच्या वेळेला रस्ता ओलांडणारी मुले आणि मागोमाग येणारे ट्रक हे डिचोली तालुक्याचे रोजचे चित्र होते.

तरीही गावकऱ्यांनी ट्रक घेतले. कारण हिशेब सरळ होता. गिऱ्हाईक शोधायला नको, बाजार करायला नको. कंपनीकडे गाडी लावली की बँकेचा हप्ता सुटतो. बीजिंग ऑलिंपिकच्या आगेमागे चीनची मागणी उसळली, तेव्हा तर ज्यांनी कधी सायकलही विकत घेतली नव्हती अशा घरांतून ट्रकांची कर्जे निघाली. 2010-11 साली गोव्यातून झालेली निर्यात 5 कोटी टनांच्या घरात होती. त्या दिवसांत डिचोलीतल्या कुणाला ‘लहान गाडी घे’ असे सांगितले असते, तर त्याने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढले असते.

पेडण्याच्या बाजूला मालच निराळा. पेंढा, सोललेले-न सोललेले नारळ, काजूबिया, हरमलची मिरची, मोरजी-मांद्र्याच्या शॅकांसाठी बाटल्यांचे क्रेट, मंडपाचे बांबू, चतुर्थीच्या आधी म्हापशाच्या बाजारात जायचे, गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान. यातल्या बऱ्याच मालाला वजनाआधी जागा लागते. त्यात वाटा अशा, की दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि मध्ये एक गाडी जाईल एवढीच फट. मोठा ट्रक हमरस्त्यावर थांबवायचा आणि तिथून माल माणसांनी वाहायचा, म्हणजे पुन्हा डोक्यावर बोजा आलाच.

या गरजेला नेमकी बसेल अशी गाडी बराच काळ नव्हती. आधी पुण्याच्या बजाज टेम्पोची तीनचाकी आणि मॅटाडोर होती. 1986 मध्ये टाटांची 407 आली. टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी, माझदा या चार जपानी नावांशी भारतीय कंपन्यांनी केलेल्या भागीदाऱ्यांतून तेव्हा हलके ट्रक बाजारात येत होते. त्या गर्दीत 407 टिकली आणि वाढली, कारण तिची दुरुस्ती कोणत्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला जमे. 407 सुमारे दोन-सव्वादोन टन माल नेते. एका वाडीसाठी ती मोठी होती आणि खाणीसाठी फारच लहान. तिच्या खालची पोकळी भरली ती 2005 च्या मे महिन्यात. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील गटाने तयार केलेली टाटा एस, म्हणजेच ‘छोटा हत्ती’, बाजारात आली. दोन सिलिंडरचे 702 सीसी डिझेल इंजिन, 16 अश्वशक्ती, पाऊण टन क्षमता आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. 4.3 मीटरच्या त्रिज्येत ती वळे. गडग्यांमधल्या वाटेवर या एका आकड्याची किंमत इतर सगळ्या गुणांहून जास्त होती. महिंद्राची बोलेरो पिकअप तिच्या वरच्या पायरीवर बसली. सव्वा-दीड टन माल, मजबूत पाटे आणि चढावर दम.

कायदाही लहान गाडीच्या बाजूने झुकलेला होता. मोटार वाहन कायद्यानुसार मालासकट एकूण वजन 3000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. 7500 किलोपर्यंतची गाडी हलके वाहन ठरते, आणि हलक्या वाहनाच्या परवान्यावर ती चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्के केले. दहा टनी ट्रकाला मात्र जड वाहनाचा परवाना, परमिट, मोठा विमा आणि सहा टायरांचा खर्च.

म्हणजे लहान गाडी नेहमी शहाणपणाची, असेही नाही. चिऱ्यांचेच बघा. एक चिरा तीस-पस्तीस किलोंचा, म्हणजे छोटा हत्ती नियमाने वीस-पंचवीस चिऱ्यांतच भरला. घराची एक भिंत उभी करायची तर किती खेपा होतील! दहा टनी ट्रक एकाच खेपेत तीनशेच्या आसपास चिरे टाकून जातो. मग छोट्या हत्तीचा मालक चाळीस-पन्नास चिरे चढवतो, पाटे बसतात, टायर झिजतात आणि महिनाअखेरीला फायदा नेमका कुठे गेला ते कळत नाही. शिवाय लहान गाडी घेणे सोपे म्हणून सगळ्यांनीच घेतली, तेव्हा स्टँडवर गाड्या जास्त आणि भाडी कमी. पेडण्यातल्या पिकअपवाल्याला शंभर गिऱ्हाइके असतात हे खरे, पण त्यातली पन्नास उधारीची.

डिचोलीला एकच गिऱ्हाईक होते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. योगायोग असा, की टाटा एसची विक्री दहा लाखांवर गेली ती त्याच वर्षी. ट्रक रांगेने उभे राहिले आणि पावसाळ्यात हौद्यांत गवत उगवले. टिपर दुसऱ्या कामाला फारसा चालत नाही. त्याचा हौदा आखूड आणि जड, मंडपाचे बांबू त्यात मावत नाहीत आणि भाजीला तो परवडत नाही. सरकारने साहाय्याच्या आणि कर्जसवलतीच्या योजना काढल्या. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने बंदी उठवली, पण 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजांची नूतनीकरणे रद्द झाली आणि मार्चमध्ये ट्रक पुन्हा थांबले. त्याच वर्षी जुलैत केंद्राने दोन आसांच्या ट्रकाची वजनमर्यादा 16.2 वरून 18.5 टनांवर नेली. डिचोलीकरांच्या दृष्टीने याहून अवेळी मिळालेली सवलत शोधून सापडणार नाही.

या वर्षांत डिचोलीतही पिकअप वाढल्या. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून साखळीत उतरते, तिथे हे वाहन लागते. पेडण्यात उलट घडले. मोपाच्या विमानतळाचे काम निघाले आणि खडी-माती वाहणारे मोठे टिपर त्या अरुंद रस्त्यांवर धावू लागले. 5 जानेवारी 2023 पासून तिथून विमाने उडत आहेत.

डिसेंबर 2022 च्या लिलावात डिचोलीचा खाणपट्टा वेदांता कंपनीकडे गेला आणि 2024 मध्ये खनिज पुन्हा हलू लागले. वर्षअखेरीस पिळगावच्या शेतकऱ्यांनी सारमानसच्या रस्त्यावर ट्रक अडवले. आपल्या शेतातून गेलेला रस्ता आणि गावातल्या लोकांचा रोजगार, या दोन्ही गोष्टींवर त्यांना कंपनीकडून आधी उत्तर हवे होते.