नेमके थांबणारे कण

क्ष-किरणांनी कर्करोगाची गाठ नष्ट करता येते, पण ते गाठीपाशी थांबत नाहीत. गाठ मेरुरज्जूला लागून असेल, तर पलीकडे जाणारे किरण त्यालाही इजा करतात.

यावरचा एक मार्ग जुन्या प्रयोगातून निघाला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे १९०४ च्या सुमारास विल्यम हेन्री ब्रॅग यांना आढळले, की अल्फा कण थांबण्याच्या जरा आधी सर्वाधिक आयनीकरण घडवतो. प्रोटॉनही असाच वागतो. त्याचा हा गुण उपचारासाठी वापरावा, असे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवले. प्रोटॉनची ऊर्जा ठरवली, की तो किती खोल जाईल हे ठरते : १५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटरवर थांबतो. त्यापलीकडच्या भागाला त्याचा मारा जवळजवळ बसत नाही. १९५४ मध्ये बर्कली येथे पहिल्या रुग्णावर प्रोटॉनांचा उपचार झाला.

तरीही प्रसाराला अनेक दशके लागली. कणत्वरक यंत्रे मोठी व महाग होती. शिवाय कण नेमका कोठे थांबवायचा, हे आधी कळायला हवे. शरीराचे आडवे छेद दाखवणारे सीटी स्कॅन आले १९७१ मध्ये. आजही अंदाज काही मिलिमीटर चुकला, तर तोच अखेरचा जोरदार मारा निरोगी ऊतींवर पडतो. मोजमापातील त्रुटी शिकवताना हे उदाहरण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.